धोकादायक तात्या

कोकणातल्या गावाला काही माणसं लागतातच. देवळात गाऱ्हाणं घालणारा एक, दशावतारात संकासुर होणारा एक, साप पकडणारा एक, सरकारी कागद वाचून त्याचा अर्थ सांगणारा एक आणि बंदूकवाला एक. यातली पहिली चार माणसं काळाप्रमाणे बदलतात. म्हातारा दमला की पुतण्या गाऱ्हाणं घालतो, संकासुराचे गुडघे गेले की दुसरा संकासुर मिळतो. बंदूकवाला मात्र बदलत नाही, कारण त्याच्याकडे लायसन असतं, आणि लायसनवर त्याचा फोटो असतो.

आमच्या गावचे बंदूकवाले म्हणजे तात्या. त्यांचं आडनाव गावात निम्म्या घरांचं आहे, त्यामुळे ते कुणी वापरत नाही. पोस्टमन, लाइनमन, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला पाहुणा, सगळे ‘बंदूकवाल्यांकडे’ म्हणूनच विचारतात. तात्या अंगाने किरकोळ. बंदूक खांद्याला लावून वाडीतून निघाले की मागून पाहणाऱ्याला बंदूकच तात्यांना घेऊन चालली आहे असं वाटतं. वय ऐंशीला टेकलेलं. कमरेला पंचा, अंगात खाकी शर्ट. शर्टाच्या छातीवर काडतुसं अडकवायचे कप्पे आहेत, त्यात हल्ली बीपीची गोळी, चष्म्याची डबी आणि एसटीचा ज्येष्ठ नागरिकाचा पास असतो.

सिंधुदुर्गात बंदूकवाल्यांमध्येही पायऱ्या आहेत, त्या बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. सगळ्यात वर दुनळीवाला. तो बहुधा जुन्या वतनदाराच्या घरचा असतो. त्याची बंदूक दिवाणखान्यात सांबराच्या शिंगाखाली टांगलेली असते आणि ती खाली उतरलेली कुणी पाहिलेली नसते. सगळ्यात खाली ठासणीवाला. नळीच्या तोंडातून दारू घाला, काथ्या कोंबा, छर्रे घाला, पुन्हा काथ्या, गजाने ठासा, घोड्याखाली टोपी बसवा. एवढं होईपर्यंत डुक्कर शेजारच्या गावात पोचलेलं असतं. या दोघांच्या मधे एकनळी काडतुसवाला. तात्या हे मधले. दुनळीवाल्यासमोर ते नम्र असतात आणि ठासणीवाल्याला ‘फटाकेवालो’ म्हणतात.

मुंबईहून येणाऱ्या पोरांनी तात्यांना डिवचायचं ठरवलं की एवढंच म्हणायचं, “तात्या, तुमची रायफल दाखवा ना.”

“रायफल नाय रे मेल्या, बंदूक!” असं म्हणून तात्या ओसरीवर बसतात आणि पुढचा पाऊण तास कुणाचा राहत नाही. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, गोळी त्यांत गरगरत बाहेर पडते आणि एकटीच लांब जाते. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, तिच्यातून छर्ऱ्यांचा सडा पडतो. आणि बारा बोअर म्हणजे काय? पोरं म्हणतात, बारा मिलिमीटर. तात्या कपाळावर हात मारतात. पौंडभर शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. मापायला गेलं तर साडेअठरा मिलिमीटर भरते. सोळा गोळ्या केल्या तर सोळा बोअर, म्हणजे आकडा मोठा तशी नळी लहान. हे गणित तात्यांनी पोरांच्या तीन पिढ्यांना शिकवलं आहे. मला अपूर्णांकांतला व्यस्त संबंध शाळेत कळला नव्हता, तो या ओसरीवर कळला.

बंदूक मूळची बर्मिंगहॅमची. तात्यांचे वडील मुंबईला गिरणीत होते, त्यांनी ती फोर्टातल्या एका दुकानातून घेतली, त्या काळी गिरणी कामगाराने म्हैस सोडून बंदूक घेतली म्हणून गावात बरीच चर्चा झाली होती. पण ‘बर्मिंगहॅमची’ हे आता जरा सांभाळूनच म्हणायला हवं. दस्ता एका पावसात भेगलला, तो वाडीतल्या सुताराने फणसाच्या लाकडाचा करून दिला. बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करायची असते, हे तात्यांना पाठ आहे. पण कायदा लोखंडाला लागू, लाकूड आपल्या परड्यातलं, असा त्यांनी स्वतःपुरता निवाडा करून टाकला आहे. पट्टा एनसीसीच्या जुन्या बेल्टचा आहे. आणि नळीच्या टोकावरची माशी, जी पाहून नेम धरायचा, ती एकदा रानात कुठेतरी पडली, तेव्हा सोनाराने तात्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, चांदीच्या जोडव्याचा तुकडा घेऊन नवी बसवली. संधिप्रकाशात चांदीची माशी पितळेपेक्षा चांगली दिसते, असं तात्या शास्त्र सांगतात. काकी म्हणतात, “माझां जोडवां घेवन ह्ये डुकरांच्या फाटल्यान फिरतत.” दुसऱ्या पायातलं जोडवं त्यांनी तेव्हापासून काढून ठेवलं आहे. एकाच पायात घालणं बरं दिसत नाही आणि नवीन जोड करायचं तात्यांच्या ध्यानात आलेलं नाही. बंदुकीला काकींची सवत म्हणण्याचा विनोद गावाने इतक्या वेळा केला आहे की काकी आता तो ऐकल्यावर पाहुण्याला चहा विचारत नाहीत. तेव्हा मी तो करत नाही.

बंदुकीची निगा हा तात्यांचा नित्यनेम. आठवड्यातून एकदा ती मोकळी करायची, गजाला चिंधी गुंडाळून नळीतून फिरवायची, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आत पाहायचं. आतून नळी आरशासारखी दिसली पाहिजे. मग शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात. चिंधी हवी ती जुन्या सुती नऊवारीचीच, नवं कापड आत तंतू सोडतं. पावसाळ्यात ही निगा दिवसाआड. कोकणातल्या जून-जुलैत भिंतीला, चपलांना, पापडाला, सगळ्यालाच बुरशी येते, तिथे लोखंडाची काय कथा. काडतुसांचं दुखणं आणखी नाजूक. पूर्वीची काडतुसं पुठ्ठ्याच्या नळकांड्यांची असत, ती दमटपणाने फुगत आणि नळीत अडकून बसत. म्हणून तात्या ती तांदळाच्या डब्यात ठेवत. एका नागपंचमीला काकींनी घाईत माप भरून तांदूळ काढले आणि आधणात टाकण्यापूर्वी सुपात पाखडले, म्हणून घर वाचलं. त्यानंतर काडतुसांना वेगळा कुलुपाचा डबा झाला. हल्लीची खडकीच्या कारखान्यातली प्लॅस्टिकची काडतुसं फुगत नाहीत. तात्यांना त्यात काही तरी कमीपणा वाटतो.

एका बाबतीत मात्र त्यांची थट्टा करायची माझी हिंमत नाही. बंदूक रिकामी असो, मोकळी करून दोन तुकड्यांत ठेवलेली असो, तिची नळी माणसाच्या दिशेने वळता कामा नये. एका नातवाने गंमत म्हणून ती वहिनीकडे वळवली, तेव्हा तात्यांनी त्याला जी थोबाडीत दिली तिचा आवाज वाडीने ऐकला. “भरलेल्या बंदुकीक सगळे भियतत,” ते म्हणाले, “माणसां मरतत ती रिकाम्या बंदुकीन.” कोकणातल्या गावपारधींत आजवर जे अपघात झाले आहेत, त्यांच्या बातम्या वाचल्या की हे वाक्य खोटं म्हणता येत नाही.

पारध म्हणजे तात्यांचं तारुण्य. भातं कापून झाली की गाव रान काढायला निघायचं. हाकारे एका बाजूने डबे बडवत, आरोळ्या देत यायचे आणि बंदूकवाले जनावराच्या वाटेवर मोक्याच्या जागी दबा धरून बसायचे. डुक्कर पडलं की वाटे. गावातल्या प्रत्येक घराचा वाटा, हाकाऱ्यांचा वाटा, देवाचा वाटा, बार टाकणाऱ्याचा मानाचा वाटा. तात्यांच्या एका डुकराची गोष्ट अख्ख्या पंचक्रोशीला पाठ आहे. शिकाऱ्याच्या गोष्टीतलं जनावर वर्षागणिक वाढत जातं, हा सर्वसाधारण अनुभव. तात्या प्रामाणिक आहेत, त्यांच्या डुकराचं वजन कधी वाढलेलं नाही. अंतर मात्र वाढतं. माझ्या लहानपणी ते डुक्कर रायवळ आंब्याखाली होतं. मी कॉलेजात गेलो तेव्हा ते वहाळाच्या काठावर गेलं. अलीकडे ते वहाळाच्या पलीकडे असतं. मी हे एकदा बोलून दाखवलं, तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, “त्या पावसात वहाळान आपली वाट बदलल्यान.” बारा बोअरची बंदूक चाळीस यार्डांपुढे भरवशाची नसते, हेही त्यांनीच मला शिकवलेलं. पण गोष्टीला ते गणित त्यांनी कधी लावलं नाही.

आता त्यांच्या आयुष्यातली शोकांतिका सांगायला हवी. वडिलांच्या पश्चात शेतसंरक्षणाचं लायसन तात्यांच्या नावावर झालं ते १९७१ साली. आणि १९७२ साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तसा त्याआधीही मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता, पण तो आमच्या रानापर्यंत फारसा चालत आला नव्हता. हा नवा कायदा मात्र आला, आणि त्याच्या मागोमाग जीप घेऊन माणसंही आली. भेकर बंद, सांबर बंद, ससा बंद, पिसई बंद. बंदूकवाले म्हणून तात्यांना मिळाला तो एकच हंगाम. संसदेने हे आपल्यावर नजर ठेवून केलं, असा त्यांचा बरीच वर्षं समज होता. इंदिरा गांधींच्या फोटोसमोरून जाताना ते अजूनही जरा बाजूने जातात.

कायद्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो नसता तर तात्यांच्या पिढीने रान स्वच्छ करून ठेवलं असतं, हे तात्याही खाजगीत मान्य करतात. गंमत अशी, की त्या दिवसापासून बंदुकीचं काम संपलं आणि तात्यांचं सुरू झालं. कारण बंदूक मारत नसली तरी तिचे कागद जिवंत ठेवावे लागतात. फाइल आता बंदुकीपेक्षा जड आहे. जुनं लायसन, नवं लायसन, केंद्र सरकारने संगणकात सगळ्यांची नोंद केली तेव्हा मिळालेला लांबलचक क्रमांक, काडतुसांच्या खरेदीच्या नोंदी, सातबारा, डॉक्टरचा दाखला. नूतनीकरण पूर्वी तीन वर्षांनी असायचं, २०१९ च्या दुरुस्तीने ते पाच वर्षांवर गेलं. तात्यांनी पेपरात हे वाचलं आणि काकींना म्हणाले, “बघ, सरकाराचो भरवसो आसा माझेर. पाच वर्षां म्हंजे पाच वर्षां जगतलंय मी.” दाखल्यासाठी डॉक्टरने विचारलं, “राग येतो का?” तात्या म्हणाले, “कित्याक येतलो?” आणि मग सरकारने शस्त्र नियमांचं काय वाटोळं केलं आहे यावर इतक्या चढ्या आवाजात बोलले की बाहेरचे रुग्ण आत डोकावले. डॉक्टर गावचेच. त्यांनी दाखल्यावर ‘शांत स्वभाव’ लिहिलं.

याच दुरुस्तीने तात्यांचं एक सुख मात्र हिरावून घेतलं. शिमग्यात पालखी मांडावर आली की बंदूकवाल्याने आकाशात एक बार काढायचा, अशी आमच्याकडची जुनी रीत. तो बार तात्यांचा. आता उत्सवात, लग्नात, देवळात हौसेने बार काढणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या वर्षी मांडावर सगळे तात्यांकडे पाहत उभे. तात्यांनी कलम मोठ्याने वाचून दाखवलं. ढोलवाल्याने एक जोराची थाप मारली आणि पालखी पुढे गेली.

मग बंदुकीचा उपयोग काय? माकडं. आमच्याकडे लाल तोंडाची आणि काळ्या तोंडाची अशी दोन्ही, नारळ-केळी-काजूवर सारख्याच भक्तीने तुटून पडणारी. त्यांना मारायचं नाही. तात्यांनी बंदूक घेऊन फक्त परड्यात उभं राहायचं. माकडाला काठी, छत्री, पायपुसणं दाखवा, ते ढुंकूनही बघत नाही. बंदूक ओळखतं. तिचा बार त्यांच्यातल्या कुठल्या आजोबाने ऐकला असेल देव जाणे, पण ही माहिती त्यांच्यात पिढीजात उतरलेली दिसते. म्हणून सकाळी वाडीतून निरोप येतो, तात्या शर्ट घालतात, बंदूक घेतात, आणि चार परड्यांतून फेरी मारून येतात. येताना हातात दोन नारळ असतात. माकडांनी खाली पाडलेलेच, पण दिले जातात मानाने.

२००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले आणि पुढे माणगाव खोऱ्यापर्यंत आले, तेव्हाही लोकांना पहिल्यांदा तात्याच आठवले. तात्या गेले. त्यांनी हत्तीकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, आणि हत्ती हा साक्षात गणपती असल्याचं जमलेल्या लोकांना समजावून सांगितलं.

रानडुकराचं मात्र तसं नाही. ते पिकाचं नुकसान करत असेल तर वनखात्याची परवानगी काढून मारता येतं. एका वर्षी भात पोटरीला आलं असताना डुकरांनी दोन कुणगे नांगरून काढले. अर्ज झाला, पंचनामा झाला, परवानगी आली. कित्येक वर्षांनी बंदुकीत खरं काडतूस जाणार म्हणून वाडी अर्धा जेवून उठली. तात्या अंधार पडायच्या आत माचावर चढले. रात्रभर कुणाला झोप नाही, एक तात्या सोडून. त्यांचं घोरणं खाली तीन घरांपर्यंत ऐकू येत होतं. त्या रात्री डुकरं त्या शेताकडे फिरकली नाहीत, वरच्या अंगाने दुसऱ्या गावात गेली. सकाळी उतरल्यावर तात्या म्हणाले, “बंदुकीचो वास लागलो तेंका.” वाडीने मान डोलावली. तीन-चार रात्री हा प्रयोग यशस्वी झाला, भात वाचलं, काडतूसही वाचलं. परवानगीच्या कागदावर ‘मारलेल्या प्राण्यांची संख्या’ या रकान्यात तात्यांनी शून्य लिहिलं, आणि ते शून्य मोठं काढलं.

निवडणूक लागली की तात्यांच्या घरात सुतक येतं. आचारसंहितेबरोबर परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायची नोटीस येते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, आपल्या लोकशाहीला निवडणुकांचा तुटवडा नाही. २०२४ सालचंच पाहा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि आमच्या मतदारसंघात मतदान झालं ७ मेला. म्हणजे काजू आणि आंबा, दोन्ही हंगाम. बंदूक घरी येते न येते तो १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, २० नोव्हेंबरला मतदान. म्हणजे नेमकी भातकापणी. निवडणूक आयोगाने देशभरातल्या सणांचा, परीक्षांचा, पावसाचा विचार केला होता. माकडांचं आणि डुकरांचं कॅलेंडरही त्यांच्यासमोर होतं आणि ते त्यांनी उलटं धरलं, असं तात्यांचं म्हणणं. आचारसंहितेची बातमी टीव्हीच्या आधी माकडांना कळते, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बंदूक गोधडीत गुंडाळून रिक्षात बसली, की दुसऱ्या सकाळी कळप परड्यात.

ठाण्यात बंदुकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधतात, पावती देतात आणि ती इतर बंदुकांबरोबर खोलीत उभी राहते. तात्या बाजाराच्या दिवशी तेलाची कुपी घेऊन तिला भेटायला जातात. नियमात बसत नाही, पण हवालदारही कोकणातलाच असतो. तो म्हणतो, “तात्या, इथे ठेवा कुपी, मी लावतो.” तात्या त्याला किती थेंब ते सांगतात. मग नळीच्या आत, चापाला, घोड्याच्या खाचेत, असं सगळं सांगून झालं की बाहेर बाकावर बसून ते थोडा वेळ सरकारला शिव्या देतात. बाकीचे बंदूकवालेही तिथेच भेटतात. दुनळीवाले, ठासणीवाले, सगळे एका बाकावर. पायऱ्या तेवढ्यापुरत्या मोडतात.

आणि एका ग्रामपंचायतीच्या वेळी तात्यांना नोटीस आली नाही.

ते दोन दिवस थांबले. पोस्टात विचारून आले. तिसऱ्या दिवशी स्वतःच बंदूक गोधडीत गुंडाळून ठाण्यात हजर झाले. नवा तरुण साहेब होता. त्याने नीट समजावलं, की सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करायची नसतात. समिती बसते, प्रत्येकाचं प्रकरण पाहते. जे जामिनावर सुटलेत, ज्यांच्यावर गुन्हे आहेत, जे पूर्वी निवडणुकीच्या दंगलीत सापडलेत, त्यांचीच शस्त्रं घ्यायची. तात्यांचं नाव त्या यादीत नव्हतं.

“नाय म्हंजे? १९७१ पासून लायसन आसा माझा!”

“काका, ती धोका असलेल्या लोकांची यादी आहे.”

“मगे? माझो धोको कमी झालो काय?”

साहेबाने हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने डोळ्यांनी खूण केली. बंदूक जमा झाली, पावती मिळाली. परतीच्या रिक्षात तात्या मोठमोठ्याने सरकारला शिव्या देत होते आणि त्यांचा चेहरा मी इतका प्रसन्न क्वचित पाहिला आहे.

एरवी त्यांना हेवा वाटतो तो कोडगूच्या लोकांचा. तिथल्या कोडवांना बंदुकीसाठी लायसनमधून सूट आहे. ही सूट इंग्रजांच्या काळापासूनची. सप्टेंबरात कैलपोद नावाचा त्यांचा सण असतो, त्यात घरोघर बंदुकीला फुलं वाहून पूजा करतात. तात्याही दसऱ्याला झेंडूची माळ घालतात, पण आधी लायसन पाटावर आणि मग बंदूक. जिम कॉर्बेटचं मात्र त्यांना एक पटलेलं नाही. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्याला रिग्बी कंपनीची रायफल भेट मिळाली, ती त्याने जन्मभर सांभाळली. आणि ती पुढे गेली कुठे, तर त्याची पुस्तकं छापणाऱ्या ऑक्सफर्डच्या प्रकाशनसंस्थेकडे. हे मी सांगितलं तेव्हा तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पुस्तकवाल्यांकडे? तेल कोण घालतलो?” त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेही पाहिलं.

हा प्रश्न कॉर्बेटचा नव्हता, हे मला उशिरा कळलं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा पंचवीस वर्षं त्याच्याकडे शस्त्र असलं, की तो ते कायदेशीर वारसाच्या नावावर करू शकतो. तात्या दोन्ही कसोट्या कधीच ओलांडून बसले आहेत. मुलगा पुण्याला, सॉफ्टवेअरमध्ये. त्याला विचारलं तर म्हणाला, “बाबा, सोसायटीत कुत्रा ठेवायला परवानगी नाही.” जावयाला बाराच्या बाराही बोअर एकसारखे वाटतात. दरवर्षी दसरा झाला की काकी विषय काढायच्या आणि तात्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने समोरच्या माडाकडे पाहून म्हणायचे, “अजून माशी दिसता माका.”

शेवटी धाकटी मुलगी पुढे झाली. सावंतवाडीला शाळेत शिकवते, कॉलेजात एनसीसीत होती, पॉइंट टू टूने पाच गोळ्यांचा नेम एका रुपयात बसवणारी. तिने बापाला न विचारता शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण पूर्ण केलं, प्रमाणपत्र आणलं, डॉक्टरचा दाखला आणला, भावाबहिणींची नाहरकत आणली. तात्यांनी तिला ओसरीवर बसवून तोंडी परीक्षा घेतली. बारा बोअर म्हणजे काय, इथपासून. ती एकाच प्रश्नाला अडली, डुक्कर वहाळाच्या कुठल्या बाजूला होतं. म्हणाली, “तात्यानू, चाळीस यार्डांत जितक्या बसात तितक्या.” तात्यांनी तिला पास केलं, पण एक गुण कापला.

अर्ज गेला. चौकशीला हवालदार घरी आला, तोच तेलवाला. काकींनी त्याला चहा दिला. त्याने तात्यांचा जबाब घेतला. शस्त्र मुलीच्या नावावर करायला तुमची काही हरकत? तात्या म्हणाले, “हरकत काय नाय. पण माशी माझ्या बायलेची आसा, तां लिवन घेवा.”

हवालदाराने फॉर्म वरून खाली दोनदा पाहिला. तसा रकाना त्यात नाही.